फिनिअस गेज : डोक्यातून पहार गेली, त्यानंतरची वर्षं

डोक्याला मोठा मार लागून गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक साधारण दोन-तीन महिन्यांनी एक तक्रार घेऊन येतात. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात, माणूस चालतो, बोलतो, जेवतो. पण पत्नी किंवा आई रुग्णाला बाहेर बसवून आत येते आणि हळू आवाजात सांगते की हे पूर्वीसारखे राहिले नाहीत. चटकन चिडतात. एक काम धड पूर्ण करत नाहीत. चारचौघांत नको ते बोलून जातात. मग पुढचा प्रश्न येतो : हे मुद्दाम करतात की आजारामुळे? आणि हे असंच राहणार का?

तुमच्या घरात हा प्रश्न असेल, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन मुकादमाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. त्याचं नाव फिनिअस गेज. मेंदूविषयीच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो भेटतो. तुमचं मूल मानसशास्त्र शिकत असेल तर त्यालाही हे नाव माहीत असेल. अडचण एवढीच की पुस्तकांत बहुधा त्याची अर्धीच गोष्ट असते, आणि रुग्णाच्या घरच्यांना उपयोगी पडणारा भाग नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे.

१३ सप्टेंबर १८४८

गेज पंचवीस वर्षांचा होता. अमेरिकेच्या व्हर्मॉंट राज्यात कॅव्हेन्डिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चाललं होतं आणि तो त्या टोळीचा मुकादम होता. कामाला चोख, हिशेबाला पक्का, माणसं सांभाळणारा असा त्याचा लौकिक होता.

सुरुंगाचं काम ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना पद्धत ठाऊक असेल. खडकात भोक पाडायचं, त्यात दारू आणि वात घालायची, वर वाळू टाकायची आणि मग पहारीने ठासायचं. वाळू मध्ये असली की ठिणगी दारूपर्यंत पोहोचत नाही. त्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास गेजचं लक्ष क्षणभर मागच्या माणसांकडे गेलं. बहुधा वाळू पडायचीच राहिली होती. पहार खडकाला घासली, ठिणगी पडली आणि दारूचा भडका उडाला.

ही पहार त्याने खास बनवून घेतली होती. लांबी साधारण ११० सेंटिमीटर, जाडी सव्वातीन सेंटिमीटर, वजन सहा किलो, एका टोकाला निमुळती होत गेलेली. ते निमुळतं टोक डाव्या गालातून आत शिरलं, डाव्या डोळ्यामागून वर गेलं आणि कवटीचा पुढचा भाग फोडून बाहेर पडलं. पहार पंचवीसेक मीटर लांब जाऊन पडली. ती रक्ताने आणि मेंदूच्या अंशांनी माखलेली होती.

गेज पाठीवर आपटला, हातपायांना थोडे झटके आले आणि काही मिनिटांत तो बोलू लागला. बैलगाडीत ताठ बसून तो पाऊण मैलावरच्या आपल्या मुक्कामाच्या ठिकाणी गेला, आणि पहिले डॉक्टर आले तेव्हा बाहेर खुर्चीत बसून होता. डॉक्टरांसाठी आज बरंच काम आणलं आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याचं नोंदलेलं आहे. डॉक्टरांचा आधी विश्वासच बसेना.

इतकी भयंकर इजा होऊनही तो शुद्धीवर कसा राहिला? शुद्ध टिकवून ठेवणारी यंत्रणा मुख्यतः मेंदूच्या खोडात आणि खोल भागात असते. पहार कपाळामागच्या भागातून गेली, खोडाला तिने धक्का लावला नाही. मोठ्या रक्तवाहिन्याही वाचल्या. आणि कवटी वर फुटलेली असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला जागा मिळाली. बंद कवटीत सूज वाढली की दाब वाढतो आणि तोच जिवावर बेततो. अशा वेळी आजचे न्यूरोसर्जन कवटीचा तुकडा काही काळासाठी काढून ठेवतात, त्यामागचं एक कारण हेच आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास डॉ. जॉन मार्टिन हार्लो आले आणि पुढचे उपचार त्यांनी केले. वय अठ्ठावीस, गावातले साधे डॉक्टर. जंतूंमुळे जखम चिघळते हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, प्रतिजैविकं जवळपास शंभर वर्षं दूर होती, एक्स-रे नव्हता. हार्लोंनी हाडाचे तुकडे काढले, जखम साफ केली, पण ती पूर्ण बंद न करता निचऱ्याला वाट ठेवली. दहा दिवसांनी गेज गुंगीत गेला. आत पू साचला होता. घरच्यांनी आशा सोडली. हार्लोंनी चीर देऊन तो पू बाहेर काढला. दहा आठवड्यांनी गेज न्यू हॅम्पशायरमध्ये आईवडिलांच्या घरी परतला. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र कायमची गेली.

मला स्वतःला या साऱ्या प्रकरणात पहारीपेक्षा हार्लोंच्या त्या दहा आठवड्यांचं जास्त आश्चर्य वाटतं.

बरा झाला म्हणजे काय?

पुढच्या वर्षी गेज जुनं काम मागायला गेला. कंपनीने त्याला मुकादम म्हणून परत घेतलं नाही. जो माणूस पूर्वी त्यांचा सर्वांत भरवशाचा होता, तो आता त्यांच्या मते बदलला होता. हार्लोंनी या बदलाचं वर्णन वीस वर्षांनंतर लिहिलं. लहरी झालेला, तोंडात शिवी असलेला, आपल्या इच्छेआड आलेला सल्ला न ऐकणारा, एकाच वेळी हट्टी आणि चंचल, रोज नवे बेत करणारा आणि रोज सोडून देणारा. हा आपला गेज नव्हेच, असं त्याच्या ओळखीचे लोक म्हणत.

याच काळात हार्वर्डमधले शल्यचिकित्सेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांनी गेजला बोस्टनला बोलावून घेतलं, काही आठवडे ठेवून घेतलं, तपासलं आणि १८५० मध्ये लिहिलं की तो शरीराने आणि मनाने जवळजवळ पूर्ववत झाला आहे.

एकच रुग्ण, दोन चांगले डॉक्टर, दोन उलटी मतं. इथे कुणी खोटं बोलत होतं असं समजायची गरज नाही. कपाळामागच्या भागाला, म्हणजे फ्रंटल लोबला, इजा झालेला माणूस डॉक्टरांच्या खोलीत अगदी नीट वाटू शकतो. तिथे प्रश्न डॉक्टर विचारतात, क्रम डॉक्टर ठरवतात, शांतता असते, व्यत्यय नसतो. तारीख, वार, हिशेब, स्मरणशक्ती, सगळं ठीक निघतं. या भागाचं काम निराळं आहे : काय आधी, काय नंतर ते ठरवणं, मधेच सुचलेलं बाजूला ठेवणं, राग आला तरी तो गिळणं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपलं वागणं बदलणं. ही कसोटी दवाखान्यात लागत नाही. ती लागते घरी, बाजारात, कामावर. बिगेलोंनी गेजला तपासलं. हार्लोंच्या नोंदीत त्याला आधीपासून ओळखणारी माणसं बोलत होती.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रुग्णाबरोबर घरातलं एक माणूस जरूर जाऊ द्या. काय बदललं ते कागदावर लिहून न्या, उदाहरणांसह. चिडतात, एवढं लिहू नका. भाजी आणायला गेले आणि सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराच्या अंगावर धावून गेले, असं लिहा. आम्हाला त्यातून खूप कळतं.

आणि मुद्दाम करतात का, या प्रश्नाचं उत्तर : बहुतेक वेळा नाही. आवर घालणारा भागच दुखावलेला असतो. कित्येकदा आपण बदललो आहोत हे रुग्णाला स्वतःला जाणवतही नाही, आणि तो ते मान्य करत नाही म्हणून घरात आणखी भांडणं होतात. त्याला कबूल करायला लावण्यात शक्ती घालवू नका.

तमाशा, कवटीवाचन आणि तबेला

नोकरी गेल्यावर गेज काही काळ आपली पहार घेऊन लोकांना दर्शन देत फिरला. न्यूयॉर्कच्या बार्नमच्या संग्रहालयातही तो होता. चमत्कारिक वस्तू आणि माणसं तिकीट लावून दाखवण्याची ती जागा. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे फ्रेनॉलॉजिस्ट तेव्हा जोरात होते. त्यांनी लगेच जाहीर केलं की पहारीने त्याच्या डोक्यातली परोपकाराची आणि आदरबुद्धीची जागा उडवली. हे शास्त्र पुढे खोटं ठरलं. आजही हाताच्या ठशांवरून मुलांच्या मेंदूचा कल सांगणारे पैसे मागायला दारात येतात, तेव्हा मला ते फ्रेनॉलॉजिस्ट आठवतात.

गेज मात्र फार दिवस प्रदर्शनात रमला नाही. हॅनोव्हर गावात घोडे भाड्याने देणाऱ्या एका तबेल्यात त्याला काम मिळालं आणि ते त्याने सुमारे दीड वर्ष टिकवलं. घोड्यांची, कुत्र्यांची आणि लहान मुलांची त्याला ओढ होती. भाच्यापुतण्यांना तो आपल्या पराक्रमांच्या खऱ्याखोट्या गोष्टी रंगवून सांगे, असं आई सांगत असे.

चिली : पुस्तकांतून गळालेली सात वर्षं

ऑगस्ट १८५२ मध्ये गेज दक्षिण अमेरिकेत, चिली देशात गेला. व्हॅल्परायझो हे बंदर आणि सँटियागो ही राजधानी यांच्यामध्ये प्रवासी घोडागाड्या धावत. अंतर सुमारे शंभर मैल. गेज या मार्गावर गाडीवान झाला. सात वर्षं.

हे काम कसलं होतं याचा जरा विचार करा. सहा घोड्यांची गाडी. प्रत्येक घोड्याचा लगाम वेगळा जाणवायला हवा आणि बोटांनी वेगळा हाताळायला हवा. घोड्यांची निगा, सामान चढवणं, प्रवाशांशी नीट वागणं, डोंगराळ रस्ता, समोरून येणाऱ्या गाड्या. भोवती स्पॅनिश बोलणारे लोक. आणि हे सगळं एका डोळ्याने. मुळीच आवर नसलेला, दोन मिनिटं एका गोष्टीवर न टिकणारा, सदा भांडणारा माणूस हे काम सात वर्षं करू शकेल का? चिलीत राहिलेल्या एका अमेरिकन डॉक्टराने त्याला तिथे पाहिलं होतं. १८५८ मध्ये त्याची तब्येत चांगली होती आणि त्याच्या मनोव्यापारांत काही बिघाड नव्हता, असं त्यांचं मत नोंदलेलं सापडलं आहे.

ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी गेजविषयीचा प्रत्येक कागद शोधण्यात अनेक वर्षं घालवली आणि २००० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांना दिसलं की दारुडा, हिंसक, भटक्या, कुठलीही नोकरी न टिकवणारा गेज हा बराचसा नंतरच्या लेखकांनी रचलेला आहे. मूळ कागदांत त्याला आधार नाही. हार्लोंनी लिहिलेला बदल खरा मानला, तरी तो मुख्यतः अपघातानंतरच्या पहिल्या काळातला दिसतो. पुढे तो सावरला असावा, असं मॅकमिलन यांचं म्हणणं आहे. कशाने सावरला, यावर त्यांचा तर्क मला पटतो. गाडीवानाचं काम बांधलेलं असतं. ठरलेल्या वेळी उठायचं, ठरलेल्या क्रमाने घोडे जुंपायचे, ठरलेल्या रस्त्याने जायचं. मेंदूच्या आतली शिस्त मोडली होती आणि ती शिस्त बाहेरून, कामाच्या रचनेतून मिळाली.

मेंदूच्या पुनर्वसनात आज आम्ही नेमकं हेच करू पाहतो. उठणं, आंघोळ, जेवण, व्यायाम, झोप यांच्या वेळा पक्क्या करा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचा क्रम लावा. एका वेळी एकच सूचना द्या. पाहुण्यांची गर्दी आणि टीव्हीचा आवाज एकाच वेळी नको. चिडले की वाद न घालता थोड्या वेळासाठी विषय किंवा खोली बदला. आणि शक्य तितक्या लवकर एखादं खरं काम हाती द्या, छोटं का असेना, रोजचं आणि ठरलेलं. झाडांना पाणी घालणं चालेल, दुकानाच्या नोंदी चालतील. ऑक्युपेशनल थेरपिस्ट यात फार मदत करतात. तुमच्या रुग्णालयात ते आहेत का, विचारा.

सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षात जास्त असतो हे खरं. पण वर्ष उलटलं म्हणजे दार बंद झालं, असं नाही. वागण्यातली सुधारणा त्यानंतरही होताना आम्ही पाहतो. प्रत्येकाची होते का? नाही. गेजला मिळालं तेवढं सर्वांना मिळत नाही, आणि तोही पुन्हा मुकादम झाला नाही, गाडीवान झाला.

झटके

१८५९ मध्ये गेजची तब्येत ढासळू लागली. तो सॅन फ्रान्सिस्कोला आई आणि बहिणीकडे आला. थोडा सावरून शेतावर कामाला लागला. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याला पहिला झटका आला, मग आणखी आले. या महिन्यांत तो एका जागी टिकेना, सारखी कामं बदलत राहिला. मे महिन्यात झटके एकामागून एक येऊ लागले आणि २१ मे १८६० रोजी तो गेला. वय छत्तीस. पहारीने जे त्या दिवशी साधलं नाही, ते साडेअकरा वर्षांनी मेंदूतल्या व्रणाने साधलं.

मेंदूत वस्तू घुसून झालेल्या जखमेनंतर फिट येण्याचा धोका फार मोठा असतो. व्हिएतनाम युद्धात डोक्याला अशी जखम झालेल्या सैनिकांच्या दीर्घ पाहणीत साधारण निम्म्या जणांना पुढे फिट्स आल्या, काहींना कित्येक वर्षांनी. साध्या मुक्या मारात हा धोका बराच कमी असतो. गेजकडे औषध नव्हतं. तुमच्याकडे आहे. म्हणून फिट आली नाही म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. फिट आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. गेजचा शेवट अशाच न थांबणाऱ्या झटक्यांनी झाला.

आणखी एक. मारानंतर काही आठवड्यांनी, विशेषतः वयस्कर माणसाचं वागणं अचानक बदललं, डोकेदुखी, उलट्या, गुंगी, एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर तो स्वभाव समजू नका. आत हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कवटीचा प्रवास

हार्लोंचा गेजशी संपर्क तुटला होता. १८६६ मध्ये त्यांना त्याच्या आईचा पत्ता लागला आणि मुलगा गेल्याचं कळलं. त्यांनी कुटुंबाला एक अवघड विनंती केली : कवटी उकरून अभ्यासासाठी द्यावी. आईने होकार दिला. कवटी आणि पहार अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आली. आज दोन्ही हार्वर्डच्या वैद्यकीय संग्रहालयात आहेत. १८६८ मध्ये हार्लोंनी आपला दुसरा लेख वाचला, आणि स्वभावाच्या बदलाविषयीचं ते प्रसिद्ध वर्णन त्यातलंच. लेखात मृत्यूचं साल एक वर्षाने चुकलं आहे, हे पुढे दफनाच्या नोंदीवरून लक्षात आलं. एवढ्या मोठ्या दंतकथेचा पाया असलेल्या कागदातही अशी साधी चूक राहू शकते.

त्या लेखानंतर गेज तत्त्वज्ञांच्याही हाती लागला. सतराव्या शतकात देकार्त यांनी मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं मानली होती. मग लोखंडाचा तुकडा माणसाच्या सभ्यतेला, संयमाला कसा इजा करू शकतो? १९९४ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट अंतोनियो दामासिओ यांच्या पुस्तकाने, ज्याच्या नावातच देकार्तची चूक आहे, गेजला घरोघरी पोहोचवलं. त्याच वर्षी हॅना दामासिओ आणि सहकाऱ्यांनी संगणकावर पहारीचा मार्ग रेखाटला आणि दोन्ही बाजूंच्या फ्रंटल लोबला इजा झाली असं मांडलं. पुढे २००४ आणि २०१२ मध्ये झालेल्या स्कॅनच्या अभ्यासांनी इजा डाव्याच बाजूला होती असं दाखवलं. २०१२ च्या अभ्यासात मेंदूच्या पृष्ठभागापेक्षा आतल्या जोडणाऱ्या तंतूंचं नुकसान प्रमाणाने जास्त निघालं. तुमच्या रुग्णाच्या एमआरआय अहवालात ॲक्सोनल इंजुरी असा शब्द असेल, तर तिथेही असेच जोडणारे तंतू दुखावलेले आहेत, कारण वेगळं असलं तरी. डाग लहान दिसतो आणि वागण्यातला फरक मोठा, यामागे बरेचदा हेच असतं.

मी कोण, हे मेंदूचा एखादा कोपरा ठरवतो का, हा प्रश्न घेऊन नातेवाईक माझ्याकडे येत नाहीत. पण आपलं माणूस समोर बसलेलं असताना ते हरवलं आहे असं वाटणं, हा तोच प्रश्न आहे. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र दिसतं की गेजची पुढची वर्षं फक्त त्याच्या कवटीने ठरवली नाहीत. तबेल्याच्या मालकाने त्याला कामावर ठेवलं. चिलीत कुणीतरी सहा घोडे त्याच्या हाती दिले. आईने आणि बहिणीने शेवटी घरात घेतलं.

गेजचा फोटो कुणी पाहिलेला नव्हता. अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या संग्रहात जुना, काचेखालचा एक फोटो होता. हातातल्या दांड्यावरून ते त्याला देवमासे मारणारा खलाशी समजत होते. त्यांनी तो इंटरनेटवर टाकला, तेव्हा बघणाऱ्यांपैकी कुणीतरी सुचवलं की हा गेज असू शकेल. पहारीवर कोरलेली अक्षरं जुळली आणि २००९ मध्ये फोटो प्रसिद्ध झाला. नीटनेटका कोट, विंचरलेले केस, कपाळावर व्रण, डावा डोळा मिटलेला. पहार दोन्ही हातांत धरून तो कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो आहे.